डोळे मीट, बोट ठेव

दर रविवारी आंघोळीआधी मी अजून स्वतःचं अंग तपासते. वारज्याच्या या फ्लॅटमध्ये न्हाणीघराच्या खिडकीतून सकाळचं ऊन जेमतेम वीस मिनिटं येतं. तेवढ्यात दंड, पोटऱ्या आणि पाठीचा आरशात दिसेल तेवढा भाग बघून घ्यायचा. ट्यूबलाइटखाली चट्टा दिसत नाही, हे माझ्या वडिलांचं वाक्य. सून काळजीने विचारते, आई, काही खाजतंय का, स्किनच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेऊ का. मी म्हणते, खाजत असतं तर काळजीच नव्हती. तिला वाटतं, सासूबाई नेहमीसारख्या तिरकस बोलल्या. मी मात्र खरं तेच सांगितलेलं असतं. मी जो चट्टा शोधते तो खाजत नाही, दुखत नाही, काही म्हणजे काही करत नाही, आणि तेच त्याचं वाईट आहे. या वयात मला तो होण्याचा संभव नाही हेही मला कळतं. पण सवय ही सवय असते, आणि या सवयीपायी आमच्या घरात काय झालं ते कधीतरी लिहून ठेवायला हवंच होतं.

माझे वडील कुष्ठरोग सर्वेक्षणाच्या नोकरीत होते. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. त्यांचं काम सांगायला सोपं होतं. वस्त्यांमध्ये आणि आसपासच्या गावांत घरोघर जायचं, माणसांना उजेडात उभं करायचं, अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा दिसतो का ते बघायचं. दिसला तर त्या जागी स्पर्श कळतो का ते तपासायचं, आणि कळत नसेल तर त्या माणसाला समजावून दवाखान्यापर्यंत न्यायचं आणि पुढे वर्षानुवर्षं त्याला गोळ्या पोचवायच्या. करायला ते किती अवघड होतं ते त्यांच्या सायकलवरून कळायचं. दादा कुणाच्याच दारात सायकल लावत नसत. ती पिठाच्या गिरणीपाशी उभी करायची आणि पुढे पायी जायचं. चट्टेवाल्यांची सायकल ज्या दारात दिसली त्या घरातली मुलगी उजवणार नाही असा लोकांचा समज होता, आणि तो सहसा खोटा ठरत नसे. लोक महारोग म्हणायचे, दादा कुष्ठरोग म्हणायचे. दोन्ही शब्दांनी दार सारख्याच वेगाने बंद व्हायचं. दादा बंद दारासमोर थोडा वेळ उभे राहायचे, रजिस्टरात खूण करायचे आणि पंधरा दिवसांनी पुन्हा त्याच दाराशी जायचे. त्यांच्याइतका चिवट माणूस मी नंतर पाहिला नाही, आणि मी जन्मभर शाळेत गणित शिकवलेलं असल्यामुळे चिवट माणसं बरीच पाहिली आहेत.

रविवारी दादा स्वतःचं घर तपासत. विश्रांतवाडीला तेव्हा आमचं दोन खोल्यांचं पत्र्याचं घर होतं आणि मागे एक छोटं अंगण, त्यात धुण्याचा दगड. सकाळी भिंतीवरच्या दोन तसबिरींसमोर मेणबत्ती लावून वंदना व्हायची. ती संपली की दादा दगडावर येऊन बसायचे आणि मी आणि आक्का परकर-चोळीत त्यांच्यासमोर उभ्या. आक्का म्हणजे माझी मोठी बहीण विमल, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. आतून सुक्या बोंबलांचा वास यायचा. आई ते तव्यावर भाजून घ्यायची, मग कांदा, लसूण, लाल तिखट घालून त्यांचा रस्सा करायची. रविवारी तोच बेत असायचा आणि तपासणी झाल्याशिवाय जेवायला मिळायचं नाही. लोहगावच्या बाजूने लष्करी विमान डोक्यावरून गेलं की पत्रे थरथरायचे आणि दादा बोलणं थांबवून तपासणीचं पीस तसंच हवेत धरून ठेवायचे. विमान गेलं की पुढे सुरू. आईला हे सगळं मनातून आवडत नसे. ती आतून म्हणायची, पोरी आहेत का मंडईतली वांगी, अशी उलटीपालटी करून बघायला.

ते पीस कोंबडीचं होतं, तपकिरी, टोकाशी पांढरं. दादा म्हणायचे, "डोळे मीट, बोट ठेव." आम्ही डोळे मिटायचे, ते पिसाचं टोक अंगाला कुठेतरी लावायचे आणि आम्ही बरोबर त्या जागी बोट ठेवायचं. आमच्यासाठी तो खेळच होता. आधी उजव्या दंडाची मागची बाजू, कोपराच्या वर चार बोटं. मग डाव्या दंडाची तीच जागा. मग उजवा गाल, डावा गाल, पाठ दोन्हीकडे, आणि शेवटी पोटऱ्या. क्रम ठरलेला होता आणि चालही ठरलेली होती, टाळ्यांच्या खेळात असते तशी. आक्का आणि मी दुपारी आमच्या आमच्यात तो खेळायचो तेव्हाही हाच क्रम. कामावर दादा असं करत नसत. तिथे ते कधी इथे लावायचे, कधी तिथे, आणि मधूनच पीस अंगाला न लावता नुसतं लावल्यासारखं करायचे, म्हणजे माणूस अंदाजाने बोट ठेवतोय का ते कळतं. नव्या लोकांना शिकवताना ते हे बजावून सांगत. घरात मात्र तपासणी केव्हा खेळ झाली ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

आक्का मोठी झाली तसं दादांनी तिला तपासणं सोडलं. वयात आलेल्या मुलीच्या उघड्या दंडाकडे बापाने बघायचं नाही, ही गोष्ट आमच्याकडे कुणी बोलून दाखवली नाही, पण एका रविवारी दादा दगडावर बसले आणि आक्का आतच थांबली. पुढचा रविवारही तसाच गेला. मग दादांनी पीस माझ्या हातात दिलं. म्हणाले, आता आक्काचं तू बघत जा. मी तेव्हा बारा वर्षांची होते. आई म्हणाली, हिला काय कळतंय. दादा म्हणाले, तिला तुझ्यापेक्षा जास्त कळतं. त्या वाक्यावर मी महिनाभर फुगून होते. त्यानंतर आक्काला मी आतल्या खोलीत, मागच्या दाराच्या उजेडात तपासायची. ती पोलक्याची बाही वर करायची, मी अगदी दादांच्या आवाजात म्हणायची, डोळे मीट, बोट ठेव. तिला हसू यायचं.

माझी फुशारकी वाढायला आणखी एक कारण झालं. दादांच्या पथकात बाई नव्हती आणि बायका काही त्यांना पाठ दाखवत नव्हत्या. सुट्टीत ते मला बरोबर नेऊ लागले. धानोरी तेव्हा शेताचं गाव होतं. दादा ओट्यावर दाराकडे पाठ करून बसायचे आणि मी आत जाऊन बायकांना तपासायची, अगदी कचेरीच्या पद्धतीने, कधी इथे, कधी तिथे, कधी नुसतं लावल्यासारखं. एका घरी मला एका मुलीच्या पाठीवर चट्टा सापडला. मी सहा वेळा पीस लावलं, तिने दोनदाच बोट ठेवलं, तेही भलतीकडे. मुलीचं लग्न ठरलेलं होतं. दादांनी तिच्या आईला समजावलं, गोळ्यांनी बरं होतं, आत्ताच धरलंय म्हणून काही बिघडणार नाही, पण मुलाकडच्यांना सांगा, लपवून लग्न केलंत तर पोरगी तिकडे गोळ्या कशा खाणार. बाई पदर चावत उभी होती. मग म्हणाली, "तुमच्या घरात असतं तर सांगितलं असतं का वो सायेब?"

दादा म्हणाले, "सांगितलं असतं."

"बगू," ती म्हणाली, आणि आत गेली. दादांनी घरी येऊन हे आईला हसत सांगितलं होतं. आई हसली नव्हती.

आता तो रविवार. दसरा होऊन गेला होता, उन्हात थोडा मऊपणा आला होता, आणि मला जेवून मैदानावर लगोरी खेळायला जायची घाई होती, हे मुद्दाम लिहून ठेवते. आक्काने डावी बाही वर केली. दंडाच्या मागे, कोपराच्या वर, जुन्या आठाण्याएवढा फिकट डाग होता. कडा जरा उठलेल्या, मधे कोरडं, लव नाही. मी धानोरीत पाहिलेल्या चट्ट्याचा धाकटा भाऊ म्हणावा असा. तरी मी म्हटलं, डोळे मीट, बोट ठेव, आणि उजव्या दंडापासून सुरुवात केली. मी घरची पद्धत का वापरली? धानोरीच्या परक्या मुलीला मी नीट तपासलं आणि सख्ख्या बहिणीला चालीवर तपासलं. याचं उत्तर मला इतक्या वर्षांत शोधून काढता आलेलं नाही, की सापडलेलं उत्तर मला नको आहे, कोण जाणे. उजव्या दंडाला पीस लावलं, तिने बोट ठेवलं. मग मी पीस डाव्या दंडाकडे नेलं. ते अजून अंगाला लागलेलं नव्हतं, मधे बोटभर अंतर होतं, आणि आक्काचं बोट बरोबर त्या डागावर येऊन बसलं.

माझा हात थांबला. आक्काने डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. "झालं का गं?" तिने विचारलं.

"झालं," मी म्हटलं.

दादा अंगणात कापडाने सायकल पुसत होते. त्यांनी विचारलं, काय निघालं का. मी म्हटलं, काही नाही, दंडावर जरा शिबं आलंय. शिबं म्हणजे घामाने येतात ते पांढुरके डाग, तेव्हा अर्ध्या विश्रांतवाडीच्या अंगावर असायचे. दादा म्हणाले, कळतंय ना तिथे. मी म्हटलं, बरोबर बोट ठेवलं तिने. या वाक्यात एक अक्षर खोटं नव्हतं. मग आम्ही जेवलो, मी भांडी घासली आणि खेळायला गेले.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. वर्गात एखादा मुलगा पुस्तकाच्या मागची उत्तरं क्रमाने पाठ करून यायचा तेव्हा मी त्याला मधलंच गणित घालायची आणि तो गप्प झाला की फार लागेल असं बोलायची. पोरं मला खडूस म्हणायची. पाठ असलेलं उत्तर आणि कळलेलं उत्तर यांत फरक असतो, हे माझ्याइतकं चांगलं कुणाला ठाऊक असणार? त्या मुलांवर मी जो राग काढला तो त्यांचा नव्हता. त्यातल्या काहींचे केस आता पांढरे झालेत, भेटले की वाकून नमस्कार करतात, आणि मला शरम वाटते.

पुढचे सात महिने आमचं घर आनंदात होतं. आक्काला येरवड्याचं स्थळ आलं. मुलगा विमा कचेरीत कारकून, वडील सरकारी खात्यात वरच्या हुद्द्यावर, आपल्याच समाजातलं शिकलेलं घर. मुलाचे वडील जयंतीला भाषण करायचे आणि त्यात विज्ञान हा शब्द फार वेळा यायचा. दोन्हीकडून पसंती झाली. आई उठता बसता पातळांची नावं घेऊ लागली. आक्का शिवणक्लासला जात होती आणि स्वतःची पोलकी स्वतः शिवत होती. एकदा तिने शिवलेल्या पांढऱ्या बाहीवर रक्ताचे तीन ठिपके होते. सुई टोचली होती आणि तिला पत्ताच नव्हता. आई म्हणाली, हिचं लक्ष येरवड्याला. सगळे हसले, मीही हसले. रविवारची तपासणी चालूच होती. त्या पहिल्या रविवारनंतर आक्काचं बोट पुन्हा कधी पिसाच्या आधी आलं नाही. आलं तर आपल्याला दिसू नये म्हणून मी तिकडे नीट बघतही नव्हते. डागावरून नजर काढून घेतली की तो माझ्यापुरता तरी लहान व्हायचा.

उन्हाळा होता. सकाळी आक्का स्टोव्हपाशी भाकरी करत होती आणि मी तिच्या समोर लसूण सोलत बसले होते. दादा बाहेर दाढी करत होते, आई नळावर गेली होती. आक्काने तव्यावर भाकरी टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला आणि उजव्या हाताने पुढचा गोळा मळायला घेतला. डावा हात तिने तव्याच्या कडेशी टेकवला होता. मला आधी वास आला. बोंबील भाजल्यासारखा, पण बोंबील नव्हते, तो रविवार नव्हता. मी वर पाहिलं. आक्काच्या डाव्या हाताची करंगळी तव्याच्या काठावर टेकलेली होती आणि तिच्याखालून बारीक धूर येत होता. आक्का शांतपणे गोळा मळत होती. ती मला म्हणाली, "कसला गं वास येतोय?"

मी ओरडले. दादा अर्ध्या साबणाच्या तोंडाने आत आले. त्यांनी आक्काचा हात ओढला, उलटा करून पाहिला, करंगळीच्या कडेची कातडी पांढरी होऊन निघाली होती. आक्का त्यांच्या तोंडाकडे बघत होती आणि हळूहळू तिच्या चेहऱ्यावरचा रंग गेला, कारण दादांचं असं तोंड कशाने होतं ते आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. त्यांनी तिच्या कोपराच्या आतल्या बाजूला बोटं फिरवली. तिथे शीर असते. निरोगी माणसाची शीर सुतळीएवढी लागते, या रोगात ती दोरीसारखी जाड होते. त्यांची बोटं तिथे थांबली आणि तशीच राहिली. मग त्यांनी तिला मागच्या दाराशी उजेडात नेलं, स्वतःच्या हाताने तिची बाही वर केली, आणि तपासणी सोडल्यापासून पहिल्यांदा मोठ्या मुलीचा दंड पाहिला. डाग आता रुपयाहून मोठा झाला होता. त्यांनी माझ्याकडे हात केला. मी पीस आणून दिलं.

"डोळे मीट, बोट ठेव," ते म्हणाले.

आक्काने डोळे मिटले. दादांनी उजव्या दंडाला पीस लावलं, तिने बोट ठेवलं. मग दादांनी पीस खाली घेतलं. दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि ते नुसते बसून राहिले. क्षणभर काही झालं नाही. मग आक्काचं उजव्या हाताचं बोट उचललं, डाव्या दंडाच्या मागे गेलं आणि डागावर टेकलं. मग ते उजव्या गालावर गेलं. मग डाव्या गालावर. बाहेर नळावर बायका भांडत होत्या. आक्का डोळे मिटून एकेका जागी बोट ठेवत होती आणि दादा तिच्यासमोर रिकाम्या हातांनी बसून ते बघत होते.

"विमल," ते शेवटी म्हणाले, "बाळा, मी कुठेच लावलं नाहीये."

दादांना रडताना मी तेव्हा पाहिलं. अर्धी दाढी साबणाची, अर्धी झालेली, आणि त्यातून पाणी चाललेलं. ते म्हणत होते, माझी चूक आहे, मी कचेरीत एक शिकवलं आणि घरात एक केलं, पोरींना चाल शिकवली. ते हेच जन्मभर म्हणत राहिले. शेवटच्या आजारपणात, मला नीट ओळखत नव्हते तेव्हाही, चाल शिकवली असं काहीतरी पुटपुटायचे. मी उशाशी बसलेली असायची. तेव्हा तरी सांगायला हवं होतं की दादा, चाल तुम्ही शिकवलीत पण चूक दिसली मला होती. नाही सांगितलं. म्हाताऱ्याचा जीव थोडा हलका झाला असता, पण मला माझाच जीव जड झाला.

मुलाकडे जाऊन सांगायचं की नाही, यावर घरात दोन दिवस कुणी नीट जेवलं नाही. आईचं म्हणणं होतं, गुपचूप दूरच्या दवाखान्यातून गोळ्या आणू, चट्टा झाकलेला आहे, करंगळी भाजली म्हणून सांगू, लग्न होऊन जाऊ दे. हा लागणारा प्रकार नाही हे तुम्हीच सांगता ना, मग त्यांचं नुकसान ते काय. आईच्या म्हणण्यात तथ्य नव्हतं असं आज मला म्हणवत नाही. दादा म्हणाले, धानोरीला मी शब्द दिलाय. आई म्हणाली, "धानोरीच्या बाईला दिलेला शब्द पाळा. पोरीला काय देताय?" आक्काला कुणी काही विचारलं नाही. ती हाताला फडकं बांधून कोपऱ्यात बसली होती, आणि मला आठवतं, तिने उजव्या हाताने अर्धवट पोलक्याची शिवण उसवायला घेतली होती.

आई गेली नाही म्हणून दादा मला घेऊन येरवड्याला गेले. या घरापुरती त्यांनी सायकल दारात लावली. आम्हाला बैठकीत बसवून चहा आला. दादांनी चहा अर्धा प्यायल्यावर सगळं सांगितलं, सरळ, न लपवता, आणि मग जसं परक्या घरी शंभर वेळा समजावलं होतं तसंच समजावलं. बरं होतं, शेजारी बसून लागत नाही, मुलांना होत नाही. मुलाच्या वडिलांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ते म्हणाले, "आपण प्रामाणिकपणे सांगितलंत, फार बरं वाटलं. आपण काही जुन्या विचारांची माणसं नाही. पण आमच्या घरात लहान मुलं आहेत." मुलगा दाराशी उभा होता. तो खाली बघत होता. मुलाच्या आईने कपबशा उचलल्या. तिने चार कपबशा ट्रेमध्ये ठेवल्या आणि दादांचा कप कानाला दोन बोटांनी धरून वेगळा नेला. मी बसले होते तिथून मोरी दिसत होती. तो कप तिने मोरीच्या बाहेर, दाराच्या पलीकडे जमिनीवर ठेवला. ज्यांच्या आजोबांना गावात ओंजळीत वरून पाणी ओतून मिळायचं, त्यांचं ते घर होतं. भिंतीवर त्याच दोन तसबिरी होत्या.

परत येताना दादा सायकल हातात धरून चालत होते, मी मागे बसले नव्हते. बरंच अंतर गेल्यावर त्यांनी विचारलं, "कप कुठे ठेवला त्यांनी, पाहिलंस का गं?" मी म्हटलं, नाही. त्यांनी मान हलवली. माझ्या एव्हाना लक्षात आलं होतं की बघणं मला चांगलं जमतं, सांगणं नाही.

आक्काने पांढऱ्या गोळ्या वर्षानुवर्षं खाल्ल्या. चट्टा गेला, त्वचा पहिल्यासारखी झाली, आज दंड दाखवला तरी कुणाला पटायचं नाही. शीर मात्र पुन्हा जिवंत झाली नाही. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळली ती वळलीच. सात महिने आधी गोळ्या सुरू झाल्या असत्या तर बोटं वाचली असती, हे दादा मला म्हणाले नाहीत, पण इतरांना समजावताना ते हेच सांगत असत आणि मी ते शंभर वेळा ऐकलेलं होतं. मुलाकडचे आम्ही कुणाला सांगितलं नाही असं म्हणाले, आणि पंधरा दिवसांत ते सगळ्या विश्रांतवाडीला माहीत झालं. दुसरं स्थळ आलं नाही. शिवण सुटली. पुढे आक्काने बालवाडीत नोकरी केली, मुलांना गाणी शिकवली, आईवडिलांचं शेवटपर्यंत केलं. माझं लग्न झालं, मुलं झाली, मी वारज्याला आले. रविवारची तपासणी त्या दिवसानंतर घरात कुणी केली नाही. दादांनी पीस जाळलं का ठेवलं ते मला माहीत नाही.

आक्का अजून विश्रांतवाडीलाच राहते. पत्र्याच्या घराच्या जागी इमारत झाली, तिला दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. दर रविवारी स्वतःला तपासून झालं की मी रिक्षाने तिच्याकडे जाते. बधिर हाताची कातडी सुकते, भेगा पडतात आणि पडलेल्या कळत नाहीत, म्हणून तो रोज साध्या पाण्यात भिजवून, ओला असतानाच तेल लावायचं असतं. इतर दिवशी ती स्वतः करते, रविवारी मी करते. घमेल्यात पाणी घेऊन तिचा हात त्यात सोडायचा आणि वीस मिनिटं बसून राहायचं. टीव्हीवर काही लागलेलं असतं, आम्ही ते बघत नाही. विमानं अजून जातात.

हे प्रकरण लिहायला घेतलं तेव्हा वाटलं, छापून येण्याआधी तिला सांगितलं पाहिजे. तीन रविवार नुसतेच गेले. चौथ्या रविवारी तिचा हात पाण्यात होता तेव्हा मी म्हटलं, "आक्का, दसऱ्यानंतरच्या त्या रविवारी तुझं बोट पिसाच्या आधी आलं होतं. मी पाहिलं होतं."

ती पाण्याकडे बघत होती. "माहितेय मला," ती म्हणाली. "तुझा हात थांबला म्हणून मी डोळे उघडले. तुझं तोंड दिसलं मला."

तीच पुढे म्हणाली, "करंगळीला मुंग्या येत होत्या तेव्हा. मला भीती वाटत होती. म्हटलं, आता ही दादांना सांगणार. दुपारपर्यंत वाट बघितली. तू जेवलीस, भांडी घासलीस, खेळायला गेलीस. मग माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, काही नाहीये. असतं तर पुष्पी बोलली असती. तू दादांची शिकवलेली ना."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला तो धरून बसता आलं असतं. वीस मिनिटं झाली होती. मी तिचा हात पाण्यातून काढला, तळव्याला तेल लावलं, मग एकेक बोट. त्या दोन वळलेल्या बोटांना तेल लावलेलं तिला कळत नाही आणि तिकडे ती बघतही नाही, त्यामुळे दर रविवारी ती विचारते. त्या दिवशीही तिने विचारलं, "झालं का गं?"

"झालं," मी म्हटलं.